आठ दोनदा आणि चार कुठेच नाही

माझं अक्षर वाईट आहे, हे आधीच कबूल करते. शुद्धलेखन त्याहून वाईट. वेलांटी पहिली की दुसरी अशी शंका आली की मी ती अशी बेताने काढते की वाचणाऱ्याने हवी तशी समजून घ्यावी. शाळा चौथीपर्यंत झाली. चुका दिसतील त्या मनातल्या मनात दुरुस्त कराव्यात, मला सांगू नयेत. मला लाज वाटते.

इथे सिंगापुरात मराठी लोकांचा एक दिवाळी अंक निघतो. त्याचं काम बघणाऱ्या वहिनी टॅम्पिनीसला राहतात. एका हळदीकुंकवाला त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं. "शेवंताबाई, बँकेतले आणि कॉम्प्युटरमधले अनुभव आम्ही दरवर्षी छापतो. वाचणारे कंटाळलेत. तुम्ही तुमच्या किड्यांचं लिहा." मी मान हलवली आणि मनात म्हटलं, मेले तरी लिहिणार नाही. पण घरी आल्यावर कामावरची एक जुनी वही सापडली, मागची पानं कोरी होती. तिच्यात लिहिते आहे. वहिनींना द्यायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.

आमचं घर बुकित पंजांगला. घरात आम्ही तिघं. हे लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतात, मुलगी पूर्वा पॉलिटेक्निकला आहे. मी एका खाजगी बागेत कामाला जाते. लोक तिथे तिकीट काढून फुलपाखरं बघायला येतात. बागेच्या मागच्या बाजूला एक थंड खोली आहे, दोन दारांची. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे आतलं काही बाहेर उडून जात नाही. त्या खोलीत पतंग आहेत. पतंग म्हणजे आकाशात उडवतात तो नव्हे. फुलपाखराचा थोरला भाऊ म्हणा. रेशमाचा कोष विणून त्यात झोपतो तो.

मी तिथे लागले ती फरशी पुसायला. पिंजऱ्यांखाली अळ्यांच्या लेंड्या पडायच्या, त्या झाडून काढायच्या. एके दिवशी मी झाडू थांबवला आणि टॅन मॅडमना खुणेने सांगितलं की तिसऱ्या पिंजऱ्यातल्या अळ्या आजारी आहेत. त्यांनी विचारलं, कशावरून? मी लेंडी बोटांत धरून दाखवली. बरी असलेली अळी कोरडी आणि घट्ट लेंडी टाकते, ही ओली होती. दोन दिवसांत त्या पिंजऱ्यातल्या अर्ध्या अळ्या गेल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातला झाडू काढून मॅडमनी चिमटा दिला.

टॅन मॅडम म्हणजे या विषयातल्या डॉक्टर. माणसांच्या नव्हे, पतंगांच्या. वय साठीच्या पुढे, केस बारीक कापलेले, डब्यात रोज भात आणि उकडलेली भाजी. आठवड्यातून तीन दिवस येतात. त्या इंग्रजी बोलतात, मी मोडकं इंग्रजी आणि हातवारे. त्यांचं बोलणं मला जसं समजलं तसं मराठीत लिहिते आहे.

मला हे कुठून येतं, असं त्या विचारायच्या. आमचं गाव गडचिरोलीकडे. माझे बाबा कोसा काढायचे. कोसा म्हणजे तिकडचं जंगली रेशीम. ऐनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, त्यांनी पाला खाऊन कोसे विणायचे, आणि तोवर पाखरांपासून त्यांना राखायचं. ती राखण मुलांकडे असे. मी गोफण घेऊन झाडाखाली बसायचे, म्हणून पाचवीत गेले नाही. बाबा अळीला अळी म्हणू देत नसत. "पाहुणे म्हण. आपल्या झाडावर जेवायला आलेत." त्या पाहुण्यांचं जेवण, झोप आणि आजार मी पाच वर्षं बघितला. शाळेत बसले असते तर एवढं शिकले नसते, असं स्वतःला सांगते. नेहमी पटतं असं नाही.

खोलीला एक मोठी काच आहे. तिच्यातून बागेतले लोक आत बघतात आणि कधीकधी काच वाजवतात. एक बाई दर महिन्याला कोष विकत मागायच्या. रिकामा कोष बोटात घालून चेहरा घासला की कातडी मऊ होते म्हणे. मी सांगितलं, यात अजून जीव आहे. तर म्हणाल्या, "तो बाहेर आला की फोन कर ला." नंबर लिहून दिला होता. (इथे बोलताना वाक्याच्या शेवटी असं 'ला' लावतात.)

दुसरे एक चिनी आजोबा. इथल्या जुन्या लोकांत समज आहे की माणूस गेलं की पतंग होऊन घरी भेटायला येतं. आजोबांच्या घरी बायको गेल्यावर एकही पतंग आला नव्हता. ते काचेबाहेर स्टूलवर बसायचे आणि विचारायचे, "आज कोणी बाहेर आलं?" मी हो म्हटलं की विचारायचे, "बाई की पुरुष?" बाई असली की मी पिंजरा काचेजवळ नेऊन ठेवायची. ते तिला दिवसभराची हकिकत सांगायचे. भांडायचे सुद्धा. एकदा जाताना मला म्हणाले, "ही ती नव्हे. ही फार शांत आहे."

आता खोक्याचं सांगते.

दक्षिण अमेरिकेत पेरू म्हणून देश आहे. तिथल्या डोंगरातून एका पाळणाऱ्याने रीतसर कागदपत्रांसह कोषांचं खोकं पाठवलं. चिठ्ठीवर एकाच जातीचं नाव होतं. आम्ही त्या पतंगांना खिडकीवाले म्हणायचो. तळहाताएवढे मोठे, तपकिरी, आणि चारही पंखांवर एक एक तिकोनी जागा अशी की तिच्यातून आरपार दिसतं. जणू पंखाला काच बसवली आहे. आमच्या गावाकडच्या कोसा-पतंगालाही खिडकी असते, पण गोल.

मॅडमनी सांगितलं, कोष मोजून पिंजऱ्यात टांग. मी एक एक हातात घेतला, कानाशी धरून हलवला. आत जिवंत असलं तर जड ठोका येतो, मेलं असलं तर खुळखुळ वाजतं. बारा चांगले निघाले. ते ठेवता ठेवता माझ्या हातांनी आपोआप दोन ढीग केले.

मॅडम म्हणाल्या, "दोन ढीग कशाला? सगळे एकच आहेत."

मी म्हटलं, "नाही मॅडम. दोन आहेत."

कोष फांदीला ज्याने लटकतो त्याला आम्ही देठ म्हणतो. सहा कोषांचा देठ आखूड आणि दोरीसारखा गोल होता. सहांचा लांब आणि चपटा, नाडीसारखा. आमच्याकडे बाजारात कोसे असेच देठ चाचपून वेगळे काढतात. डोळे मिटून दिले तरी मी काढले असते. मॅडमनी भिंग घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हं." त्यांचा 'हं' म्हणजे दुसऱ्याचं अर्धं भाषण.

ओळखण्याचं काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, कारण वहिनींनी मला विचारलं होतं की पुस्तकात चित्र बघून कळत नाही का. रंगावर भरवसा नसतो. एकाच आईची पोरं पावसात एक रंगाची आणि उन्हाळ्यात दुसऱ्या रंगाची निघतात. पंखावरच्या रेघा बघतात, मिशा बघतात. नराच्या पोटाच्या टोकाशी जे अवयव असतात ते बघतात. ते कुलपाच्या किल्लीसारखे असतात, एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीला लागत नाही. मॅडम ते मोठ्या पडद्यावर दाखवतात आणि तेवढ्यात मला पिंजरे पुसायची आठवण होते. आणि शेवटचा पुरावा म्हणजे पाय. पतंगाचा एक पाय काढून छोट्या नळीत घालायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. ते त्यातून रक्ताचं नातं सांगतात. पतंगाला सहा पाय असतात, तेव्हा देवाने या कामाची सोय आधीच करून ठेवली आहे.

दोन्ही देठांचे पतंग निघाले तेव्हा किल्ल्यांत फरक होता, पण थोडा. मॅडम म्हणाल्या, "एवढ्यावर कोणी मानणार नाही. पायांनी हो म्हटलं तर ही जात जगाला नवीन आहे. पायांनी नाही म्हटलं तर आपण दोघी वेड्या."

लांब देठाच्या कोषांना मी एक ते सहा नंबर दिले होते, आखूड देठाच्यांना सात ते बारा. कोषांच्या चिठ्ठ्या छापील होत्या, फक्त पायांच्या नळ्यांवर मला हाताने नंबर घालायचा होता. एका संध्याकाळी एक, दोन, तीन आणि चार असे चौघं एकदमच बाहेर आले. पंखांची फडफड, मॅडम घरी गेलेल्या, एकाला धरावं तर दुसरा दिव्याकडे. या पतंगांना तोंड नसतं, ते अळी असतानाच जेवण संपवून येतात, आणि बाहेर आठवडाभर जगतात. म्हणून त्यांना सगळ्याचीच घाई. मी चौघांचे पाय काढले, नळ्यांत घातले, नंबर घातले, आणि दमून घरी गेले.

मधल्या दिवसांत एक चांगलं झालं. लांब देठाच्या एका मादीने अंडी घातली, आखूड देठाच्या एकीनेही. आखूडवालीची पोरं पेरूच्या, म्हणजे खायच्या पेरूच्या झाडाच्या, पानांवर तुटून पडली. लांबवालीची पोरं पेरूला शिवेनात. दोन दिवस उपाशी. मला बाबा आठवले. पाहुणे न जेवता बसले की ते स्वतः जेवत नसत. दुसऱ्या दिवशी एलआरटीच्या, म्हणजे इथल्या छोट्या रेल्वेच्या, स्टेशनखाली उभी होते, आणि डोक्यावर केटापांगचं झाड. आपण जंगली बदाम म्हणतो ते. पान हातात घेतलं आणि वाटलं, अरे, हे तर आमच्या ऐनाच्या नात्यातलं. ओरबाडणार तेवढ्यात झाडलोट करणारे काका ओरडले, "आंटी, तोडायचं नाही! दंड होतो ला!" मी इतकी घाबरले की त्यांना सॉरी म्हणून समोर उभ्या असलेल्या बाईलाही सॉरी म्हटलं. पुढे आमच्याच बागेच्या पार्किंगमध्ये तसं झाड निघालं. पान पिंजऱ्यात ठेवलं आणि मी बाहेर जाऊन बसले. परत आले तर पानाला भोकं पडली होती. मॅडम त्या भोकांकडे असं बघत होत्या जसं काही नातवाने पहिलं पाऊल टाकलं.

दोन जातींची पोरं दोन झाडांची पानं खातात. आता फक्त पायांनी हो म्हणायचं राहिलं होतं.

पायांनी नाही म्हटलं. नाही म्हणजे, काहीच धड म्हटलं नाही. मॅडमनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढून डोळे चोळले. मी त्या कागदाची एक प्रत घरी नेली. पूर्वाने वाचली.

"आई, इट सेज आठ नंबरचे दोन सॅम्पल आले. आणि दोन्हीचा आन्सर वेगळा. नऊचं पण सेम. सो ते म्हणतात, कंटॅमिनेटेड."

"म्हणजे काय?"

तिने खूप विचार केला. तिचं मराठी इंग्रजी शाळेतलं. "म्हणजे... उष्टं झालं."

"पतंगाचा पाय कोण उष्टा करणार?"

"आय डोन्ट नो ला, तसं लिहिलंय."

हे जेवत होते. म्हणाले, "एकाच पतंगाचे दोन पाय दोन जातीचे? एक पाय इकडचा, एक तिकडचा. तो तं आपल्यासारखाच दिसते वं."

मला हसू आलं नाही. मी तो कागद पुन्हा पुन्हा बघत होते. इंग्रजी अक्षरं मला कळत नाहीत पण आकडे कळतात. आठ दोनदा होता. चार कुठेच नव्हता. नऊ दोनदा होता. एक कुठेच नव्हता. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "एक आणि चारच्या नळ्या पोस्टात हरवल्या असतील. आणि एकाच पतंगाचे दोन पाय तू चुकून पाठवले असतील." मी तसं केलं नव्हतं. पण कागदावर छापून आलेल्या गोष्टीवरून मॅडमना उलट बोलायची माझी हिंमत नव्हती.

मेलेल्या पतंगांचं खोकं आणि तो कागद त्यांनी कपाटात ठेवून दिला. पायांशिवाय लिहून काढलं तर लोक नावं ठेवतील आणि पुन्हा तपासणीसाठी त्यांच्याकडचा निधी संपला होता. म्हणाल्या, "बहुतेक एकच जात असेल. देठ आपला असा, एखाद्याचा लांब, एखाद्याचा आखूड." पण माझ्या बोटांना माहीत होतं की तसं नाही.

मग गणपती आले. रविवारी मी यादी लिहून पूर्वाला लिटिल इंडियात पाठवलं. दुपारी ती दोन पिशव्या ओढत आली, घामाघूम.

"आई, इतके कोकोनट कशाला? हात तुटले माझे."

मी पिशवीत बघितलं. आठ नारळ. आणि कापराची नऊ पाकिटं.

हे दारात उभे होते. "शेवंते, हॉटेल टाकाचं हाय का? आन कापूर पाह्यला तं देऊळ बी उघडाव लागते."

"मी चार नारळ लिहिले होते," मी म्हटलं. "आणि एक कापूर."

"नो वे," पूर्वा म्हणाली. तिने यादी माझ्या नाकासमोर धरली. "हे बघ. एट. आणि हे नाईन."

मी यादी बघितली. माझा मराठी ४. इंग्रजी शाळेतल्या डोळ्यांनी बघितला तर अगदी आठ. माझा १, अगदी नऊ. अक्षरं मी तिला घरी शिकवली होती, आकडे राहूनच गेले होते. २ आणि ३ मात्र दोन्ही भाषांत सारखेच.

नारळ हातात धरून मी खाली बसले. त्या संध्याकाळी चौघं एकदम बाहेर आले होते. एक, दोन, तीन आणि चार. घाईत माझ्या हाताने त्याला शाळेत शिकवलं होतं तेच लिहिलं. बाकी सगळ्या नळ्यांवर मी इंग्रजी आकडे काढले होते, कारण त्या वेळी मॅडम शेजारी उभ्या होत्या.

"काहून रडत बसलीस वं?" हे घाबरले. "नारळ परत देऊ."

मी रडत नव्हते, हसत होते. पण थोड्या वेळाने रडले सुद्धा. कारण आता हे मॅडमना सांगायचं होतं. सांगितलं तर त्यांना कळणार की जिच्या हातात त्यांनी चिमटा दिला तिला एक ते दहा सुद्धा धड लिहिता येत नाही. पुन्हा झाडू हातात येईल याची मला खात्री होती. न सांगितलं तर कोणालाही कळणार नव्हतं. नळ्या गेल्या होत्या, कागद कपाटात होता. फक्त ती जात जन्मभर दुसऱ्याच्या नावाने ओळखली गेली असती. बाबांनी म्हटलं असतं, पाहुण्याला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतेस?

हे म्हणाले, "सांगून टाक. झाडू तं झाडू. झाडू काही वाईट हाय का?"

पूर्वा म्हणाली, "आई, मी येऊ? आय कॅन एक्स्प्लेन." मी नको म्हटलं. तिने मला चार इंग्रजी वाक्यं शिकवली. बसमध्ये मी ती पुटपुटत होते, शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

मॅडमच्या समोर उभी राहिले आणि चारही वाक्यं विसरले. मग टेबलावरचा कागद घेतला आणि एक ते दहा मराठीत लिहून काढले. १ वर बोट ठेवून वन म्हटलं. ४ वर बोट ठेवून फोर.

मॅडम कागदाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग कपाट उघडून तो प्रयोगशाळेचा कागद काढला. आठ दोनदा. नऊ दोनदा. त्यांनी पेन्सिलने एका आठला खोडून चार केलं आणि एका नऊला खोडून एक. आणि मग ओळी बघितल्या. एक ते सहा सगळे एका बाजूला. सात ते बारा सगळे दुसऱ्या बाजूला. मधे एकही घुसखोर नाही.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "अय्यो, शेवंता!" आणि इतक्या मोठ्याने हसल्या की काचेबाहेरचे आजोबा स्टूलवरून उठून उभे राहिले.

मग थांबल्या. "पण हे मला छापता येणार नाही. लोक म्हणतील, पेन्सिलने खोडून जात केली. बाराच्या बारा पाय पुन्हा पाठवायला हवेत."

"निधी नाही," मी म्हटलं.

"नाही. मी भरते."

किती, ते मी विचारलं. सहाशे डॉलर. माझ्या तोंडून निघालं, "मी देईन." त्यांनी हात झटकला, म्हणाल्या काहीतरीच काय, चूक तुझी एकटीची नाही, मी तुला कधी विचारलंच नाही की तुझ्याकडे आकडे कसे लिहितात. मी म्हटलं, मॅडम, चूक माझी आहे, ती तुम्ही घेऊन टाकली तर माझ्याकडे काय राहील? एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले. कुठल्या भाषेत बोलले ते आठवत नाही. महिन्याला पन्नास असं ठरलं. झाडूचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

दुसऱ्या वेळी नळ्यांवरचे नंबर आम्ही दोघींनी मिळून घातले. मी लिहायचं, त्यांनी मोठ्याने वाचायचं, मी हो म्हणायचं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. दोन जाती. जगाला एक नवीन.

मग वर्णन लिहायचं काम. हे मला सगळ्यात आवडलं. वर्णन म्हणजे असं लिहायचं की ज्याने तो पतंग कधी बघितला नाही त्यालाही तो ओळखता यावा. नुसतं तपकिरी म्हणून चालत नाही. कुठला तपकिरी? मॅडमकडे रंगांच्या पट्ट्यांचं पुस्तक आहे. मी त्यांना सांगायची, पंखाची कड वाळलेल्या मोहाच्या फुलासारखी आहे, मधला भाग बिनदुधाच्या चहासारखा. त्या पट्टी शोधून नंबर लिहायच्या. देठ कसा? मी माझ्या परकराची नाडी ओढून दाखवली. त्या म्हणाल्या, "रिबन." मी म्हटलं, रिबन मऊ असते, ही कडक आहे, खूप वेळा धुतलेल्या नाडीसारखी. अर्धा दिवस त्यांनी त्या एका शब्दावर घालवला. शेवटी काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, पण नाडीला न्याय मिळाला असं त्या म्हणाल्या.

त्यांना त्या जातीला माझं नाव द्यायचं होतं. मी रात्रभर झोपले नाही आणि सकाळी हात जोडले. सगळ्या जगात कोणी माझं नाव घेऊन पतंगाची किल्ली बघणार, हे मला सहन झालं नसतं. त्या खूप हसल्या. मग लांब देठ या अर्थाचं नाव दिलं. ते इथे लिहीत नाही, स्पेलिंग चुकेल.

एका गोष्टीचं वाईट वाटतं ते लिहिते. जातीचा नमुना म्हणून एक पतंग निवडतात, त्याला लाल चिठ्ठी लावतात आणि तो कायम जपून ठेवतात. पुढे कोणाला शंका आली तर त्याच्याशी ताडून बघायचं. चार नंबरचे पंख सगळ्यांत चांगले होते म्हणून तो निवडला. पण पंख चांगले राहिले ते त्याला फारसं उडू न देताच थंड पेटीत घातल्यामुळे. आठवडाभराचं आयुष्य, तेही आम्ही घेतलं. बाबाही आतला जीव मारायला कोसे उन्हात टाकायचे, त्याशिवाय रेशीम मिळत नाही. ते टाकताना दुसरीकडे बघायचे. मीही दुसरीकडे बघते. तो आता त्याच्या देशातल्या संग्रहालयात परत गेला. त्याच्या पेटीत कापूस मी भरला.

बाराव्या महिन्यात पगार झाला त्या दिवशी शेवटची पन्नासची नोट मी पाकिटात घालून नेली. मॅडमनी नोट काढली, पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "झालं. आता तू माझं काही लागत नाहीस." पैशांबद्दल म्हणत होत्या. आणि रोजच्या सवयीने उठल्या. "खाली जातेय. तुला कॉफी?"

वर्षभर त्या हे विचारत आणि वर्षभर मी नको म्हणत होते. ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याच्याच पैशाने कॉफी पिणं मला जमलं नसतं. त्या दाराशी पोचल्याही होत्या, उत्तर काय येणार हे त्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "हो, आणा. साखर कमी."

त्या दाराला हात लावून थांबल्या, वळून माझ्याकडे बघितलं आणि मग गेल्या. मी हात धुऊन बसले. आता घ्यायला हरकत नव्हती, सगळे पैसे फिटले होते.